भरल्या व्हॅनची हवा

नवी गाडी दारात आली की आमच्याकडे चारही चाकांखाली लिंबं ठेवतात, नारळ फोडतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. चाकाचं एवढं कौतुक करणाऱ्यांपैकी त्या चाकात हवा किती, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. खरं तर उत्तर हाताच्या अंतरावर असतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की आतल्या खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर टायरचा आकार, पुढच्या चाकांची हवा, मागच्या चाकांची हवा, आणि माल वाहणारी गाडी असेल तर बहुधा दोन ओळी. एक रिकाम्या गाडीसाठी, दुसरी भरलेल्या. आमच्या व्हॅनला या दोन ओळींत मागच्या चाकांपुरता दाबाचा दहा पौंडांचा फरक आहे. पुढच्या चाकांना जवळजवळ नाहीच. हा फरक कशासाठी, हे कळायला मला आंब्याचे काही हंगाम जावे लागले, आणि आता तो इतका साधा वाटतो की वाडीत दिसेल त्याला सांगत सुटतो. लोक कंटाळतात. म्हणून इथे लिहितोय.

देवगडच्या बाजूला आमची थोडी कलमं आहेत. दलालाकडे माल टाकणं बंद करून पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट आंबा पोचवायला लागलो, तेव्हा ही व्हॅन घेतली. एप्रिल-मे तिच्यात पेट्या. जूनमध्ये खताच्या गोणी. भाद्रपदात कणकवली स्टेशनवरून चाकरमानी आणायचे आणि नंतर पोचवायचे. तुळशीचं लग्न झालं की कधी वऱ्हाड, कधी जेवणावळीचे टोप आणि कढया, कधी वाडीतल्या कुणाला कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायचं. मधले कितीतरी दिवस पुढे मी एकटा आणि मागे फक्त रबराची चटई. अशा गाडीचं सरासरी वजन काढण्यात अर्थ नाही. तरी वाडीत प्रत्येकाच्या गाडीला बारा महिने एकच आकडा. पंपावर पोरगा विचारतो, "किती?" आणि आपण ऐटीत सांगतो, "बत्तीस."

शेजारचे आबा याच्याही पुढचे. ते आकड्याच्याच भानगडीत पडत नाहीत. जाता जाता चाकाला पायाने एक ठोकर मारतात आणि निकाल देतात, "टायर उभो आसा मां? मग झालां!" जुन्या टायरांच्या काळात या ठोकरीला थोडाफार अर्थ असेल. आताचे रेडियल टायर बरोबर हवेवरही बुडाशी थोडे फुगलेलेच दिसतात, त्यामुळे पंचवीस आणि पस्तीस यांतला फरक डोळ्याला कळत नाही, पायाला तर नाहीच. डोळ्याला कळेपर्यंत अर्धी हवा गेलेली असते.

मुळात भार रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर आणि त्यातल्या तारा त्या हवेला फक्त जागच्या जागी धरून ठेवतात. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने १८८७-८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला (रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने तसलंच पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते लोक विसरून गेले), त्यानंतर टायरात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण हे गणित तसंच राहिलं. चाळीस पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचावर चाळीस पौंडांचा दाब. आपल्या मापात चौरस सेंटीमीटरला सुमारे २.८ किलो. एका चाकावर ३५० किलो आले, तर ते पेलायला सव्वाशे चौरस सेंटीमीटर जागा जमिनीला टेकावी लागते. साधारण एका पोस्टकार्डाएवढी. भरलेल्या व्हॅनचं घाटातलं सगळं वळणं, थांबणं अशा चार पोस्टकार्डांवर चालतं. आता भार वाढवला आणि हवा तेवढीच ठेवली, तर टायरसमोर एकच मार्ग उरतो. तो आणखी खाली बसतो, आणखी जागा टेकवतो, आणि तेवढी जागा मिळवायला त्याला बाजूच्या भिंती वाकवाव्या लागतात. दुखणं सुरू होतं ते या वाकण्यातून.

पेट्यांचं वजन आपण नेहमी कमीच धरतो. पेटीला एक कडी असते, माणूस ती एका हाताने उचलतो, म्हणून ती हलकी वाटते. पण आंबा अडीचशे ग्रॅमचा धरला तरी पाच डझनांच्या पेटीत १५ किलो नुसता आंबा. लाकूड आणि गवत धरलं की वीसच्या आसपास. तीस पेट्या म्हणजे सहाशे किलो. वर ड्रायव्हर, सोबतचा माणूस, त्याचा डबा आणि घरच्यांनी पुण्यातल्या आत्याला पाठवलेला फणस. या सहाशे किलोंतला मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो, आणि तो किती हे पेट्या कुठे लावल्या यावर ठरतं. आमच्या आजोबांना हे पक्कं ठाऊक होतं. बैलगाडी भरताना ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून ते पोती लावताना दर दोन पोत्यांनंतर जू हाताने उचलून बघत. व्हॅनला जू नाही, त्यामुळे तिची उलाळ दिसत नाही, एवढाच फरक. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल आणि १०० किलो माल मागच्या एक्सलच्याही (मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही) अर्धा मीटर मागे ठेवला, तर मागच्या चाकांवर १२० किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे २० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. पुष्कळांना तो गाडीचा गुण वाटतो.

तेव्हा स्टिकरवरचा मागच्या चाकांचा आकडा एवढा का उडी मारतो ते कळलं. पण मागे माल भरला म्हणून पुढची हवाही त्याच हिशेबाने वाढवणारे लोक आहेत. हातात पाइप आहेच, तर चारही चाकांना सारखी मारून टाका. पुढे वजन फार वाढलेलंच नसतं. कडक पुढचं चाक ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर लवकर घसरतं.

माझ्या लहानपणी मुंबई-गोवा रस्त्यावर टायर फुटलेली गाडी दिसायची, पण बहुतेक वेळा खड्ड्याने किंवा धारदार दगडाने. वेग असायचाच किती? चाळीस-पन्नास. खारेपाटणच्या वळणांवर तोही नाही. आता आमच्या भागात चौपदरी काँक्रीट झालं आहे आणि भरलेला पिकअपसुद्धा नव्वदने जातो. भार तोच, हवेचा अंदाज वडिलांच्या काळातला, वेग मात्र दुप्पट. बारा इंची रिमचं छोटं चाक किलोमीटरमागे सहाशेच्या जवळपास फेरे घेतं. ताशी ऐंशीला मिनिटाला आठशेच्या घरात. प्रत्येक फेऱ्यात टायरच्या भिंतीचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि एकदा सरळ होतो. हवा कमी असेल तर जास्त वाकतो. तार हातात धरून मागेपुढे वाकवत राहिलं की ती गरम होते आणि शेवटी तुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. टायरमध्ये हीच गोष्ट मिनिटाला आठशे वेळा चाललेली असते, वर रबर उष्णता लवकर बाहेर सोडत नाही. खराब रस्ता आपल्याला हळू चालवायला लावून कमी हवेचं पाप पोटात घालत होता. गुळगुळीत रस्ता ते घालत नाही. म्हणूनच हल्ली भरलेल्या गाड्यांचे टायर घाटात फुटण्यापेक्षा सरळ, मोकळ्या पट्ट्यावर, ड्रायव्हर निवांत गाणी ऐकत असताना फुटतात. नव्या रस्त्याबद्दल आमच्याकडे टोलपासून पुलांपर्यंत सगळ्यावर बोललं जातं, यावर कुणी बोलत नाही.

यावर आबांचं उत्तर ठरलेलं. "म्हणान तर उन्हाळ्यात हवा कमी ठेवची. गरम झाली काय फुगतली ना ती!" हा समज एकट्या आबांचा नाही. चांगले शिकलेले लोक मे महिन्यात चाकातली चार पौंड हवा सोडून देतात, टायर फुटू नये म्हणून. फुगण्याचा हिशेब काही फार मोठा नाही. चाळीस पौंडांच्या चाकात तापमान दहा अंशांनी वाढलं तर दाब दोन पौंडांच्या आतच वाढतो. तास-दीड तास चालवल्यावर चार-सहा पौंड चढतात, आणि गाडी करणाऱ्याने ते धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो. आधीच कमी ठेवलेली हवा भिंती जास्त वाकवते, म्हणजे टायर जास्त तापवते. फुटायच्या भीतीने हवा सोडणारा माणूस फुटायचीच सोय करून ठेवत असतो. आबांना हे पटलेलं नाही. माझं बोलणं संपेपर्यंत ते सुपारी कातरत राहतात आणि मग पावसाचा विषय काढतात.

पावसाचाही असाच समज आहे. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते म्हणे. चिखलात आणि वाळूत थोडं खरं असेल. डांबरावर साठलेल्या पाण्यात उलटं होतं. आमच्या किनाऱ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, लाल पाणी रस्त्यावर पसरून वाहत असतं. वेगात चाक त्या पाण्यावर चढतं आणि रस्त्याला टेकतच नाही, तेव्हा स्टिअरिंग, ब्रेक सगळं शोभेचं. नासाच्या वॉल्टर हॉर्नने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचं एक सोपं सूत्र दिलं. हवेच्या पौंडांचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला साधारण १६.७ ने गुणायचं, म्हणजे चाक पाण्यावर चढण्याचा ताशी किलोमीटरमधला वेग येतो. छत्तीस पौंडांना शंभर. पंचवीसला त्र्याऐंशी. नक्षी खोल असेल आणि पाणी तिच्यात मावत असेल तर याहून थोडी सवलत मिळते. गोटा झालेल्या टायरला मिळत नाही. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, टायर बदलायचा. जूनच्या आधी हे बघायचं असतं. आपण जुलैत बघतो.

हवा मोजायची वेळ सकाळची, गाडी हलायच्या आधी. स्टिकरवरचे आकडे थंड चाकाचे. रात्रभर उभी असलेली किंवा निदान तीन तास विसावलेली गाडी म्हणजे थंड चाक. आमची गोची अशी की घरापासून हवेचं मशीन दूर आहे. म्हणून मी हवा मोजायचा काटा घरात ठेवतो. पेट्या भरण्याच्या आदल्या रात्री नाही, त्या दिवशी पहाटे मोजतो, किती कमी आहे ते लिहितो, आणि पंपावर पोचून तेवढीच वाढवतो. म्हणजे घरी छत्तीस होती, बेचाळीस हवी, तर पंपावर काटा अडतीस दाखवो की एकोणचाळीस, मी त्यात सहा घालतो. पोरगा माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो. मशीनला आकडा लावून पाइप जोडला की ते टुंई करून सांगतं, मग हा माणूस पौंडांची बेरीज का करतोय?

नांदगावहून फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूर गाठलं की चहाच्या थांब्यावर चाकाला हात लावून बघायचं. कोमट असलं तर ठीक. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्यात हवा कमी आहे, किंवा ब्रेक चिकटलाय. या ठिकाणी हवा मोजणारे आणि "अरे बापरे, सत्तेचाळीस!" म्हणून सोडणारे मी पाहिले आहेत. पुण्यात पोचून रात्री गाडी थंडावली की त्यांची हवा चाळीसच्या खाली आलेली असते, मालासकट. उंचीचाही थोडा खेळ आहे. समुद्रकाठावरून आंबोलीसारख्या ६९० मीटर उंचीवर गेलं की बाहेरची हवा विरळ होते आणि काटा पौंडभर जास्त दाखवतो. त्यासाठी काही करायला लागत नाही. उतरताना मात्र पुढच्या चाकांवर भार येतो, ब्रेकची उष्णता रिमपर्यंत जाते, म्हणून भरली गाडी वरच्या गिअरमध्ये मोकळी सोडून ब्रेकवर रोखत उतरवायची नाही.

टायरच्या अंगावरही पुष्कळ मजकूर असतो. त्यातला सगळ्यात मोठा दाबाचा आकडा बघून तीच हवा भरणारे आहेत. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. गाडीला काय हवं ते टायरला माहीत नसतं, एकच टायर चार निरनिराळ्या गाड्यांना बसतो. 'एलटी' आणि '८ पीआर' लिहिलं असेल तर तो मालगाडीचा, जाड बांध्याचा. पूर्वी ते आकडे कापडाच्या थरांचे असत, आता नुसत्या ताकदीचे. ८६/८४ असं काही दिसलं तर एकेरी चाकाला ५३० किलो आणि जोडचाकात (एका बाजूला दोन चाकं शेजारी शेजारी) असताना ५०० किलो पेलण्याची हमी, तीही पूर्ण हवेवर. स्वस्तात मिळाला म्हणून कारचा मऊ टायर व्हॅनला मागे बसवला की स्टिकरवरची भरलेली ओळ त्याला लागू पडेलच असं नाही.

नाक्यावरचा पंक्चरवाला केरळचा आहे. मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात बोलतो. व्हॉल्व्हची टोपी काढून बोटाला थुंकी लावतो आणि तिथे टेकवतो. बुडबुडा आला तर आतली पिन गेली. खाऱ्या वाऱ्यात आणि वाळूत टोपी नसलेले व्हॉल्व्ह लवकर खराब होतात, आणि आमच्याकडे निम्म्या गाड्यांना टोप्या नसतात. जुलैत त्याने एकदा कंप्रेसरच्या टाकीचा खालचा नळ माझ्यासमोर उघडला. तांबूस पाणी बाहेर आलं, चांगलं तांब्याभर. तो नळ रोज उघडला नाही तर हेच पाणी वाफ होऊन चाकात जातं, रिम आतून गंजवतं. नायट्रोजनचा खरा फायदा असलाच तर तो कोरडा असतो, एवढाच. बाकी साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि पंपावर ती फुकट मिळते. मी पैसे देऊन नायट्रोजन भरत नाही. कोरड्या टाकीची साधी हवा भरतो.

गौरी-गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या येतात त्या भरलेल्या, आणि जातात त्या जास्त भरलेल्या, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. येताना कपडे, मिठाई, मखराचं सामान. सगळं जागा खाणारं, वजन नसलेलं. जाताना उकड्या तांदळाची गोण, नारळ, आमसुलं, सुरण, दोन-चार चिबडं, आणि "पोरांका घेऊन जा" म्हणून शेवटच्या क्षणी टाकलेली काकड्यांची पिशवी. माणसं तेवढीच, पण डिकीत शंभर-दीडशे किलो जास्त, आणि तेही एक्सलच्या मागे. निघायची घाई असते, काकी दारात ओवाळायला उभी असते, त्यात हवा कोण बघणार? माझ्या मेहुण्याला गेल्या भाद्रपदात म्हटलं, "भावोजी, पाच मिनिटं थांबा." ते थांबले. मुंबईतला माणूस आकड्याला मान देतो, हे त्यांचं कौतुकच.

उलट्या बाजूचा त्रासही मला कमी वाटत नाही. पुण्याहून रिकामी व्हॅन परत येते तेव्हा मागच्या चाकांत भरल्या गाडीची हवा असते. वाडीच्या जांभ्या दगडाच्या रस्त्यावर ती नुसती उडत येते. मागचं चाक जमिनीला अर्धवटच टेकतं, ओल्यात ब्रेक मारला की शेपूट बाजूला जातं, आणि टायर मधोमध झिजतो. दोन खेपांत चार-पाच दिवसांचं अंतर असेल तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी हवा उतरवतो. सोडायला मशीन लागत नाही, काटा आणि खिळा पुरतो. उद्याच परत पेट्या भरायच्या असतील तर राहू देतो आणि हळू चालवतो.

या वर्षी मेहुण्यांनी गावी घराची भिंत बांधायला काढली. चिरे खाणीवरून आणायचे होते आणि आबांनी लगेच तोडगा काढला. "तुझी व्हॅन आसा मां? पन्नास हवा मार, किती चिरे म्हणशीत तितके जातले." मी नाही म्हटलं. हवेने टायर कडक होतो, पण एक्सल, कमानपाटे आणि ब्रेक यांची कुवत हवेने वाढत नाही. पावसात भिजलेला चिरा कोरड्यापेक्षा आणखी जड, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडचा दंडच वीस हजारांपासून सुरू होतो. टेम्पो भाड्याने घेतला. मागे जोडचाकं. खाणीवर चिरे चढत असताना ड्रायव्हरने माझ्या हातातला काटा बघितला आणि म्हणाला, "दादा, जरा आमचीपण बघा की." बाहेरच्या चाकाने ऐंशी दाखवले. आतल्याचा व्हॉल्व्ह हाताला लागेना, पोरगा खाली शिरला. बत्तीस. बाहेरचं चाक कधीपासून दोघांचं ओझं एकटं वाहत होतं कोण जाणे. ड्रायव्हरने चढलेले निम्मे चिरे उतरवायला लावले, टेम्पो हळूहळू नाक्यापर्यंत नेला आणि उरलेले दुसऱ्या खेपेला आणले. दुसऱ्या खेपेचं डिझेल भावोजींनी दिलं, थोडं कुरकुरत.